एकट्यानं चालायला जाताय? मग हा क्रम चुकवू नका

"पहाटे एकटीच टेकडीवर जाणार आहे, पेपर स्प्रे कुठला घेऊ?" मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मी उलटा प्रश्न विचारते, घरात कुणाला सांगून जाणार का, कुठल्या बाजूनं चढणार ते? तर उत्तर येतं, "हो, टेकडीवर जाते असं सांगते ना." इथंच गडबड आहे. लोक वस्तू आधी गोळा करतात आणि खरी तयारी राहूनच जाते, म्हणून हा लेख मी मुद्दाम क्रमानं लिहितेय. मी पुण्यात चालते, त्यामुळे उदाहरणं इथली येतील, पण साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर जाणाऱ्यांना किंवा गावाकडच्या डांबरी रस्त्यानं जाणाऱ्यांनाही क्रम हाच लागू आहे. बाई असो, पुरुष असो, रिटायर झालेले काका असोत, काही फरक पडत नाही. पुरुष तर उलट कुणालाच काही सांगत नाहीत.

टप्पा १ : एका माणसाला नेमकं सांगा

वेताळ टेकडीचंच घ्या. लॉ कॉलेज रोडकडून चढता येतं, एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या रस्त्यानं गाडी घेऊन वर जाता येतं, गोखलेनगरकडून वाट आहे, चतुःशृंगीकडून आहे, पंचवटी-पाषाणच्या बाजूनं आहे, कोथरूडकडूनही आहे. आता "टेकडीवर जाते" या वाक्यात यातलं काय कळलं?

तीन वर्षांपूर्वी श्रावणात माझा पाय शेवाळावरून सटकला आणि घोटा मुरगळला, उभंच राहता येईना. नेहमी मी लॉ कॉलेज रोडकडून चढते, त्या दिवशी मैत्रिणीला सोडून पुढं पंचवटीकडून चढले होते आणि फोन घरी चार्जिंगला. मुलाला सांगितलं होतं "टेकडीवर जाऊन येते". तो बिचारा माझ्या नेहमीच्या वाटेनं शोधत राहिला आणि मी टेकडीच्या पार दुसऱ्या बाजूला दीड तास बसून, शेवटी कुत्रं फिरवायला आलेल्या एका काकांनी बघितलं. सुखरूप घरी आले, पण त्या दीड तासात मला जे समजलं ते या टप्प्यात आहे.

सांगायच्या गोष्टी चार :

१. कुठून निघणार, म्हणजे नेमकं कुठून चढणार किंवा गाडी कुठं लावणार.
२. कुठल्या वाटेनं जाऊन कुठून परत येणार.
३. किती वाजेपर्यंत घरी.
४. तेवढ्या वेळात आले नाही तर समोरच्यानं काय करायचं.

चौथी गोष्ट जवळजवळ कुणीच सांगत नाही, आणि खरी कामाची तीच आहे. कारण वेळ टळून गेली की घरचा माणूस विचार करत बसतो, येईल दहा मिनिटात, कुणी भेटलं असेल गप्पा मारायला, उगाच कशाला बोंबाबोंब. त्यातच तासभर जातो. म्हणून आधीच ठरवून टाका. मी आता असा मेसेज टाकून निघते : "सहा वाजता पंचवटीकडून चढतेय, खाणीपर्यंत जाऊन त्याच वाटेनं परत. सव्वासातपर्यंत घरी. साडेसातपर्यंत मेसेज नाही आला तर फोन कर, दोनदा उचलला नाही तर कुणाला तरी सोबत घेऊन त्याच वाटेनं ये, तरी सापडले नाही तर ११२." ११२ म्हणजे सरकारी इमर्जन्सी नंबर. लिहायला मिनिट लागत नाही.

एकटे राहत असाल तर शेजारच्या काकू, ऑफिसमधली मैत्रीण, सोसायटीचे वॉचमनदादा, कुणीही चालेल. पण माणूस एकच ठरवा. फॅमिली ग्रुपवर टाकलं की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं बघितलं असेल.

*तपासा :* त्या माणसाला विचारा, "मी कुठून जाणार आणि किती वाजता येणार?" घडाघडा सांगता आलं तरच निघा. आणि वाटेत बेत बदलला, वाट बदलली, तर तिथंच थांबून नवा मेसेज टाका. माझी चूक तीच होती.

टप्पा २ : वेळ आणि वाट उजेडात ठरवा

"मी रोज पाचलाच निघते" हा हट्ट सोडा. पुण्यात जूनच्या सुरुवातीला सूर्य साधारण सहाला उगवतो, तोच जानेवारीच्या मध्यावर सात वाजून गेल्यावर. म्हणजे जूनमध्ये पाचला निघणारी बाई पाऊण तासात उजेडात असते आणि जानेवारीत पाचला निघणारी जवळपास सगळा वेळ अंधारात चालते. घड्याळ तेच पण चालणं वेगळं. थंडीत वेळ पुढं ढकला. संध्याकाळचं उलटं, डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा साडेपाचला टेकडी चढायला लागू नका.

नवी वाट पहिल्यांदा एकट्यानं आणि अंधारात कधीच नाही. आधी एकदा दिवसा, कुणाला तरी घेऊन चालून या, आणि चालताना आधाराच्या जागा बघून ठेवा. म्हणजे चहाची टपरी, दूध केंद्र, रिक्षा स्टँड, पेट्रोल पंप, देऊळ, सोसायटीची सिक्युरिटी केबिन. पण त्या जागा *तुमच्या वेळेला* उघड्या असतात का ते बघा. दुपारी गजबजलेली टपरी पहाटे साडेपाचला बंद असते, मग तिचा काय उपयोग. मला पाठ आहे कुठला दूधवाला किती वाजता शटर वर करतो, आणि माझी वाट मी त्यावरूनच आखलीय.

अजून एक. चालण्याचे ॲप वापरणारे रोजचा मॅप सगळ्यांना दिसेल असा ठेवतात. घरातून किती वाजता निघता आणि कुठल्या वाटेनं जाता हे अनोळखी माणसाला आयतं मिळतं. सेटिंगमध्ये जाऊन फक्त ओळखीच्यांना दिसेल असं करा. टेकडीवरचा फोटो स्टेटसला टाकायचाय तर घरी आल्यावर टाका.

*सावधान :* जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर अशा ऊसपट्ट्यात राहत असाल तर अंधारात उसाच्या कडेनं एकट्यानं चालायला जाऊच नका. बिबट्याची फिरायची वेळ संध्याकाळ ते पहाट. यात धाडस वगैरे काही नाही, उन्हं आल्यावर गावातल्या रस्त्यानं चाला. आरे किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या कडेला राहणाऱ्यांनाही हेच सांगेन.

टप्पा ३ : फोन तयार करा, नुसता खिशात टाकू नका

हे आदल्या रात्री करायचं काम आहे, दारात चप्पल घालताना नाही.

१. *चार्जिंग.* निम्म्याच्या वर हवंच.

२. *इमर्जन्सी बटण.* २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटणाची सोय बंधनकारक आहे. बऱ्याच फोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा दाबलं की ११२ ला फोन लागतो, काही अँड्रॉइडवर पाचदा दाबावं लागतं, साध्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं. तुमच्या फोनवर नेमकं काय आहे ते सेटिंगमध्ये जाऊन बघा, आणि तिथंच घरच्या दोघांचे नंबर घाला. टेस्ट म्हणून ११२ ला फोन लावू नका, तिकडं खरी माणसं बसलेली असतात.

३. *लॉक स्क्रीनवरची माहिती.* रक्तगट, औषधं, घरचा नंबर. तुम्ही बेशुद्ध पडलात तर फोनचं लॉक कोण उघडणार? ही माहिती लॉक न उघडता दिसते, पण आधी भरलेली पाहिजे ना. डायबेटीस आणि बीपीवाल्यांनी तर आजच भरा.

४. *लाइव्ह लोकेशन.* व्हॉट्सॲपवर १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे तीन पर्याय येतात. एक तासाचं चालणं असेल तर ८ तासवालं लावा आणि घरी आलं की बंद करा. कारण तासाभरात तुम्ही आला नाहीत तर नेमकं गरजेच्या वेळी एक तासवालं बंद पडलेलं असतं. इथं खूप जण चुकतात.

५. *रेंज नसेल तिथं.* लाइव्ह लोकेशन नेटवर चालतं, नेट गेलं की ते जागच्या जागी अडकून बसतं. जीपीएस मात्र नेटशिवाय चालतो, म्हणून त्या भागाचा मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा. नेट नसेल तरी साधा एसएमएस बऱ्याचदा जातो. आणि आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल तर ११२ लागू शकतो, त्यामुळे रेंज नाही म्हणून प्रयत्न सोडू नका.

घरचे दोन नंबर पाठ करा. फोनच गेला तर? दुसऱ्याच्या हातातला फोन मागून घेतला आणि नंबरच आठवेना, असं झालेलं मी पाहिलंय.

पावसाळ्यापूर्वी आणि परतीच्या पावसात विजा असतात, त्यासाठी दामिनी ॲप टाकून घ्या, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनं बनवलेलं आहे, जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर सांगतं.

टप्पा ४ : अंगावर काय, खिशात काय

हे पटकन सांगते. पकड असलेले बूट. फिकट किंवा भडक रंगाचे कपडे, अंधारात काळा ट्रॅकसूट ट्रकवाल्याला दिसत नाही. वेगळी छोटी टॉर्च, फोनची नको, कारण फोनची बॅटरी आपल्याला फोनसाठी हवी आहे. गळ्यात शिट्टी. पाणी. रिक्षापुरते शंभर-दोनशे रुपये रोख. काठी. मंगळसूत्र, चेन घरी ठेवा, नाही तर कपड्याच्या आत गेलेली पाहिजे, ओढणी गुंडाळून भागत नाही.

आता स्प्रे. घ्यायचाय तर जरूर घ्या, पण त्याची एक्स्पायरी बघा, मोकळ्या जागेत एकदा उडवून बघा म्हणजे खटका कसा उघडतो आणि किती लांब जातो ते कळतं, आणि वारा आपल्याकडं येत असेल तर तो आपल्याच डोळ्यात जातो हे लक्षात ठेवा. पर्सच्या तळाशी असलेला स्प्रे म्हणजे नसलेला स्प्रे. तो हातात किंवा हाताशी पाहिजे.

*तपासा :* दारातून निघताना काठी किंवा स्प्रे सोडला तर हात मोकळे आहेत का?

टप्पा ५ : चालताना

*कान उघडे.* दोन्ही कानात इअरफोन घालून चालणं बंद करा, हे मी हात जोडून सांगते. मागून येणारी बाईक, कुत्र्याचं गुरगुरणं, कुणाच्या तरी पावलांचा आवाज, हे सगळं आधी कानाला कळतं आणि मग डोळ्याला. त्यात आता इलेक्ट्रिक स्कूटरचा आवाजच येत नाही. गाणी हवीच असतील तर एकाच कानात, रस्त्याच्या उलट्या बाजूच्या कानात, आणि आवाज कमी.

*उजव्या कडेनं.* फुटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या बाजूनं चाला, म्हणजे जवळून जाणारी गाडी समोरून येते आणि दिसते. शाळेत 'डावीकडून चाला' शिकल्यामुळे बहुतेक जण डावीकडून चालतात आणि गाड्या पाठीमागून अंगावर येतात. चेन ओढणारेही बऱ्याचदा बाईकवर मागूनच येतात, माझ्या जावेची तशीच गेली. फक्त आंधळं वळण आलं की जिथून दोन्हीकडून दिसाल अशा बाजूला तेवढ्यापुरतं जा.

*फोन बघायचाय तर थांबा.* भिंतीला किंवा झाडाला पाठ लावून थांबा, इकडंतिकडं बघा, मग फोन काढा. चालता चालता मेसेज टाइप करणारा माणूस खड्डाही बघत नाही आणि माणूसही.

*मागं वळून बघा.* प्रत्येक वळणावर, उघडपणे, मान वळवून. चोरून नाही. यानं दोन गोष्टी होतात, मागं कोण आहे ते कळतं आणि त्यालाही कळतं की हिचं लक्ष आहे. टेकडीवर याचा तिसरा फायदा म्हणजे परतीची वाट उलट बाजूनं कशी दिसते ते डोळ्यात राहतं, वाट चुकत नाही.

*मनात खुट्ट झालं की परत फिरा.* कारण सापडायची वाट बघू नका. वाटेत बाईक लावून तिघं बसलेत आणि गप्प झालेत, नेहमीच्या जागी आज एकही माणूस नाही, पायाखाली निसरडं लागतंय, चक्कर आल्यासारखं होतंय, कुठलंही एक पुरे. "अर्धं तर आलोय" म्हणून पुढं जाणारे बरेच जण अडकतात. मी वर्षातून चार-पाचदा तरी अशी अर्ध्यातून परत येते आणि एकदाही वाईट वाटलेलं नाही.

टप्पा ६ : कुणी मागं येतंय असं वाटलं तर

इथं क्रम फार महत्त्वाचा, कारण घाबरल्यावर डोकं चालत नाही, पाठ केलेलंच आठवतं.

१. रस्ता ओलांडा. तोही ओलांडला तर परत या बाजूला या. दुसऱ्यांदाही आला तर तो मागंच लागलाय, शंका नको.
२. घराकडं वळू नका. सगळ्यात मोठी चूक ही. आपण धावत घर गाठतो आणि त्याला घर दाखवून देतो. टप्पा २ मध्ये हेरलेल्या आधाराच्या जागेकडं जा, माणसांकडं.
३. खरा फोन लावा. खोटं खोटं बोलू नका, घरच्या माणसाला खरंच लावा आणि मोठ्यानं जागा सांगा, "हं, दूध केंद्रापाशी आलेय, ये लवकर."
४. वळून, अंतर ठेवून, मोठ्या आवाजात विचारा : "काय पाहिजे? मागं का येताय?" तुमच्या आवाजानं आजूबाजूचे लोक बघायला लागतात.
५. मदत मागताना गर्दीला हाक मारू नका, एका माणसाला मारा. "ओ निळे शर्टवाले दादा, हा माणूस मागं लागलाय, जरा थांबा इथं." नुसतं "वाचवा" ऐकून सगळे एकमेकांकडं बघतात.
६. ११२. आधी जागा सांगा, मग प्रकार. फोन मध्येच कट झाला तरी जागा पोचलेली असते. हायवेला असाल तर किलोमीटरचा दगड बघा, त्यावरचं गावाचं नाव आणि आकडा सांगा. पिवळा-पांढरा दगड असेल तर नॅशनल हायवे, हिरवा-पांढरा असेल तर स्टेट हायवे.

बाईक किंवा कार थांबवून पत्ता विचारला तर चार-पाच पावलांवरूनच उत्तर द्या, काचेशी वाकू नका. आणि हिसकावणी झालीच तर सोडून द्या. पर्स धरून ठेवणारी बाई चालत्या बाईकमागं फरफटत जाते. सोनं परत घेता येतं.

*सावधान :* स्प्रे मारला की तिथं उभं राहून काय होतंय ते बघायचं नाही. मारा आणि माणसांच्या दिशेनं पळा.

टप्पा ७ : कुत्री, साप, बिबट्या, वीज

*कुत्री :* पहाटे चिकनच्या दुकानापाशी, कचऱ्याच्या ढिगापाशी टोळी असते, ती जागा टाळा. अंगावर आली तर पळू नका, डोळ्यात डोळे घालू नका, जागीच उभं राहा, मग हळूहळू मागं सरका. काठी उगारू नका, आपल्या आणि त्यांच्या मध्ये खाली धरा. चावलं, नुसता दात लागून रक्त आलं, तरी वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून १५ मिनिटं, दोन मिनिटं नाही. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. दंडातल्या लसीचे डोस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असतात, बरं वाटलं म्हणून मधले सोडायचे नाहीत. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळं इंजेक्शनही लागतं, ते डॉक्टरांना विचाराच.

*साप :* टॉर्च पायापुढं मारा, गवतात आधी काठी मग पाय. चावला तर दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका. अंगठी, पैंजण, घड्याळ काढा कारण सूज येते. तो हात-पाय हलवू नका, चालत जाऊ नका, फोन करून माणूस बोलवा किंवा १०८ ची ॲम्ब्युलन्स. थेट सर्पदंशाची लस असलेल्या सरकारी दवाखान्यात जायचं. मांत्रिकाकडं गेलेला वेळ परत मिळत नाही.

*बिबट्या :* पळायचं नाही, वाकायचं नाही, खाली बसायचं तर अजिबात नाही. ताठ उभं राहून हात वर करा, ओरडा, आणि तोंड त्याच्याकडं ठेवून मागं सरका. वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

*वीज :* चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. ३० च्या आत ऐकू आला तर टेकडीचा माथा लगेच सोडा आणि झाडाखाली थांबू नका. पक्क्या इमारतीत किंवा बंद कारमध्ये जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका.

पाय मुरगळून अडकलात तर जागा सोडू नका, मी घसरत घसरत खाली यायचा प्रयत्न केला आणि वाटेवरून अजून बाजूला गेले. शिट्टी तीनदा वाजवा, थोडं थांबा, परत तीनदा. ओरडून घसा बसतो, शिट्टी चालत राहते.

टप्पा ८ : परत आल्यावर

ज्या माणसाला सांगून गेलात त्याला "आले" असा मेसेज टाका. हे विसरलात की दोन-तीन वेळा तो उगाच काळजी करतो आणि चौथ्या वेळेला काळजी करायची सोडून देतो. लाइव्ह लोकेशन बंद करा.

काही घडलं असेल, नुसतं कुणी मागं आलं असेल तरी, लगेच लिहून ठेवा : वेळ, जागा, कपडे, गाडीचा नंबर जितका आठवतो तितका. तासाभरानं आठवत नाही. बाईचा वारंवार पाठलाग करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. तक्रार द्यायला गेलात आणि "हे आमच्या हद्दीत नाही" असं ऐकावं लागलं तर झिरो एफआयआर म्हणा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यायची तरतूद लिहिलेली आहे, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते.

आणि त्याच वाटेनं जाणाऱ्या बाकीच्यांना सांगा. माझ्या घोट्याच्या वेळी ज्या काकांनी बघितलं, त्यांना त्या जागेवर आधी दोघं पडलेले माहीत होते. आता तिथं जाताना आम्ही सगळेच एकमेकांना सांगतो की पावसाळ्यात डावीकडची पायवाट सोडा, मोठ्या वाटेनं या.